शेण चुलीचें कीं शेताचें?

गेल्या हिवाळ्यांत गोदाकांठच्या एका लहान खेड्यांत मी दोन दिवस मुक्कामास होतों. ज्या घरीं उतरलों होतों तेथें एक वृद्ध माता, तिचा मुलगा, सून व दोन नातवंडें, एक गाय आणि दोन एकर कोरडवाहू जमीन, एवढाच काय तो प्रपंच. सकाळीं ती माउली भिंतीवर गोवऱ्या थापीत असतां मुलगा तिला म्हणाला, "आई, किती वेळां सांगितलें, शेण जाळूं नकोस. शेताला खत नाहीं, अन् तूं सोनें चुलींत घालतेस." म्हातारीचा हात थांबला नाहीं. ती म्हणाली, "मग भाकर कशावर भाजूं रे? तुझ्या शेतावर? गॅसची टाकी महिना झाला कोपऱ्यांत रिकामी पडली आहे. ती भरून आण, मग बोल. आणि राख काय मी खाते? ती तुझ्याच शेतांत टाकते ना? मातीचें मातीला मिळालें." मुलाला उत्तर सुचेना. त्यानें माझ्याकडे पाहिलें. म्हातारीनेंही पाहिलें, आणि म्हणाली, "तुम्ही शिकलेले आहांत. तुम्हीच सांगा."

मीं त्या वेळीं जें उत्तर दिलें तें अपुरें होतें. शेण शेताला घालावें हें खरें, पण आईलाही बोलूं नये, असें कांहीं तरी बोलून मीं वेळ मारून नेली. परंतु तो प्रश्न मजबरोबर घरीं आला. विचार करतां असें दिसून आलें कीं, त्यांत दोन प्रश्न गुंतलेले आहेत. पहिला ज्ञानाचा: राख आणि शेण एकच काय? दुसरा नीतीचा: जी वस्तु आपल्या हातीं आली, तिचा आपल्या गरजेपुरता उपयोग झाला म्हणजे आपलें कर्तव्य संपतें काय? पहिल्याचें उत्तर नीट कळल्यावांचून दुसऱ्याचें उत्तर देणें म्हणजे न पाहतां न्याय करणें होय. म्हणून आधीं पहिल्याकडे वळूं.

झाड कशाचें बनतें, असें विचारल्यास बहुतेक लोक म्हणतील, मातीचें. ब्रुसेल्स येथील व्हान हेल्मोंट नांवाच्या वैद्यानें हें तपासून पाहिलें. त्यानें एका कुंडींत २०० पौंड कोरडी माती वजन करून भरली आणि तींत ५ पौंडांचें वाळुंजाचें रोप लावलें. पांच वर्षें त्यास केवळ पाणी घातलें. शेवटीं झाडाचें वजन सुमारें १६९ पौंड भरलें, आणि माती मात्र दोनच औंस घटली होती! त्याच्या मृत्यूनंतर इ. स. १६४८ मध्यें हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. झाड पाण्याचें बनतें असा त्यानें निष्कर्ष काढला. तो पुरता बरोबर नव्हता, कारण त्यानें हवेचा हिशेब धरला नव्हता. पुढें १७७१ सालीं जोसेफ प्रीस्टली या इंग्लंडांतील उपदेशकानें दाखविलें कीं, मेणबत्ती जळून बिघडलेली हवा पुदिन्याच्या एका डहाळीनें पुन्हां शुद्ध होते. आणि १७७९ सालीं इंगेनहाऊस नांवाच्या वैद्यानें सिद्ध केलें कीं, हें काम पानें सूर्यप्रकाशांतच करतात.

आज आपणांस ठाऊक आहे कीं, हवेंत कर्बाम्ल वायु, ज्यास आतां कार्बन डायऑक्साइड म्हणतात, दहा हजार भागांत चारांहून थोडासाच अधिक आहे. त्या एवढ्याशा अंशांतून पान कर्ब वेचून घेतें व त्याची साखर, पीठ, तंतु आणि लांकूड बनवितें. वाळलेल्या लांकडाचा जवळजवळ अर्धा भाग कर्बच असतो. तें पान गाय खाते. गाईच्या श्वासांतून कांहीं कर्ब हवेंत परत जातो, कांहीं शेणांत उतरतो. शेण कुजलें कीं मातींतील सूक्ष्म जंतु तें खातात व श्वासावाटे कर्ब सोडतात. शेण जाळलें तर हेंच काम घटकेंत होतें. वारा तो वायु देशोदेशीं नेतो, आणि कोठल्या तरी दुसऱ्या पानांत तो पुन्हां शिरतो. कर्बास कुंपण ठाऊक नाहीं. तो सर्वांच्या दारीं सारखाच जातो.

नत्राची गोष्ट निराळी आहे. हवेच्या शंभर भागांपैकीं सुमारें ७८ भाग नत्रवायूचेच आहेत. आपलें रक्त, स्नायु, दूध, डाळीचा दाणा, या सर्वांस नत्र लागतें. परंतु हवेंतील नत्राचे दोन दोन अणु तिहेरी बंधनानें एकमेकांस असे घट्ट बांधलेले असतात कीं, तें बंधन तोडण्याचें सामर्थ्य कोणत्याही पानांत नाहीं, गाईंत नाहीं, मनुष्याच्या देहांतही नाहीं. समुद्रांत राहून तहानलेल्या माणसासारखी आपणां सर्वांची स्थिति आहे. विजेच्या कडकडाटानें थोडें नत्र पावसाबरोबर जमिनींत येतें, पण तें फार थोडें. मुख्य काम करतात ते डोळ्यांस न दिसणारे जंतु. हेलरीगेल व विल्फार्थ या दोघां जर्मन शोधकांनीं १८८६ सालीं दाखविलें कीं, द्विदल पिकांच्या मुळांवर ज्या बारीक गांठी असतात त्यांच्या योगानें हीं पिकें हवेंतील नत्र मिळवितात. दोन वर्षांनीं डच शोधक बायेरिंक यानें त्या गांठींतील जंतु निराळे काढून दाखविले. वाचकांनीं भुईमुगाचें एक जोमदार रोप हळूच उपटून एखादी गांठ नखानें फोडून पाहावी. ती आंतून गुलाबी दिसेल. आपलें रक्त ज्या द्रव्यानें तांबडें आहे, त्याच्याच जातीचें एक द्रव्य तेथें असतें. झाड आपली साखर जंतूंस देतें. जंतु नत्र झाडास देतात.

पुढें तेंच नत्र दाण्यांत, कडब्यांत, गाईच्या शेणांत व मुतांत येतें. मातींतील दुसरे जंतु त्याचा अमोनिया करतात, तिसरे त्यापासून मुळांस घेतां येईल असा क्षार बनवितात. आणि आणखी एका प्रकारचे जंतु कांहीं नत्र मोकळें करून पुन्हां हवेंत सोडतात. असें हें चक्र आहे.

आतां म्हातारीच्या राखेकडे येऊं. गोवरी जळली म्हणजे तिच्यांतील पालाश, स्फुरद व चुना राखेंत बहुतांशीं शिल्लक राहतात. म्हणून राख शेतांत टाकण्यांत तिचें चुकत नव्हतें. परंतु कर्ब आणि नत्र हीं दोन्ही धुराबरोबर निघून जातात. मातीचें मातीला मिळालें हें अर्धें खरें. उरलेलें अर्धें हवेला मिळालें. कर्ब उद्यां कोणत्याही पानास फुकट मिळेल. पण नत्र एकदां त्या मोठ्या सांठ्यांत गेलें म्हणजे कोणा जंतूनें बंधन तोडून खालीं आणीपर्यंत त्या दोन एकरांस त्याचा उपयोग नाहीं. शिवाय कर्ब जरी शेणखतांतूनही अखेर हवेंतच जातो, तरी जातां जातां तो वर्षानुवर्षें मातीची चाकरी करतो. तो तिला भुसभुशीत ठेवतो, पाणी धरतो, जंतूंस पोसतो. जगांतील मातींत जितका कर्ब आहे, तितका सारी हवा व सारीं झाडें मिळूनही नाहीं. हा सांठा रिता झाला कीं जमीन घट्ट होते, आणि मग पाऊस पडूनही पीक तहानलेलें राहतें.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर असें आहे. दुसरा मात्र येथूनच सुरू होतो. तर मग मुलगा बरोबर आणि आई चूक, असें म्हणावें काय?

थोडा वेळ थांबून मालकीचा विचार करूं. माझ्या हातांतील कर्ब माझ्यापूर्वीं ज्वारीच्या ताटांत होता, त्यापूर्वीं हवेंत, त्यापूर्वीं कोणाच्या श्वासांत. माझ्या रक्तांतील नत्र कधीं तरी एखाद्या जंतूनें कष्टानें बांधलेलें होतें. यांपैकीं माझें कोणतें? मला वाटतें, पाटाच्या पाण्याची पाळी जशी आपली, तशींच हीं द्रव्यें आपलीं. पाळी आली कीं पाणी खरोखर आपलें. तें घेण्यांत पाप नाहीं. पीक वाळत असतां जो घेत नाहीं तो मूर्ख. पण पाळी संपली कीं बारें मोडून पाणी पुढच्या शेतास दिलें पाहिजे. आणि पाळी चालू असतांनाही बांध फुटून शेजाऱ्याचें शेत वाहून जाईल इतकें पाणी सोडतां येत नाहीं. म्हणजे धर्म तीन गोष्टींत आहे: घेणें, पुढें देणें, आणि दोहोंसही माप असणें. मोशेच्या नियमशास्त्रांत सातव्या वर्षीं जमिनीस विसावा द्यावा व त्या वर्षीं आपोआप उगवेल तें गरिबांनीं खावें, अशी आज्ञा आहे. जमिनीचाही कांहीं हक्क आहे, हें त्यांत गृहीत धरलेलें दिसतें.

पुढें न देण्याचें फळ काय, याचें एक उदाहरण पाहा. पेरू देशाच्या किनाऱ्याजवळ चिंचा नांवाचीं बेटें आहेत. पाऊस जवळजवळ नसल्यामुळें तेथें समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे डोंगर सांचले होते. तें नत्रानें भरलेलें खत होतें. १८४० च्या सुमारास युरोपांतील शेतांसाठीं तें खणून जहाजांतून नेऊं लागले. खणण्यास चीन देशांतून कराराच्या बंधनांत अडकविलेले मजूर आणले, आणि त्यांचे अतोनात हाल झाले. तीसचाळीस वर्षांत ते डोंगर संपले. मग दक्षिण अमेरिकेच्या वाळवंटांतील सोऱ्यावर नजर गेली, आणि त्या वाळवंटासाठीं १८७९ पासून चिली, पेरू व बोलिव्हिया यांचें युद्ध झालें. दूरच्या लोकांचें खत आणून जे गहूं पिकवीत होते, त्यांच्या स्वतःच्या मोठ्या शहरांतलें मलमूत्र मात्र नद्यांतून समुद्रास जात होतें. आपलें परत न करतां दुसऱ्याचें आणणें किती दिवस चालणार?

पुढें मनुष्यानें ती तिहेरी गांठ स्वतःच सोडविली. १९०९ सालीं फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें मोठ्या दाबाखालीं व उष्णतेंत हवेंतील नत्रापासून अमोनिया बनवून दाखविला, आणि बॉश यानें त्याचा कारखाना उभारला. १९१३ सालीं ओपाऊ येथें तो चालूं झाला. आज जगांतील सुमारें निम्म्या लोकांचें अन्न या नत्रावर अवलंबून आहे. तें न मिळतें तर कोट्यवधि ताटें रिकामीं राहतीं, म्हणून युरियास सरसकट दोष देणाऱ्यानें त्या ताटांसमोर उभें राहून बोलावें. पण दुसऱ्याच वर्षीं महायुद्ध पेटलें, आणि त्याच अमोनियापासून तोफांचा दारूगोळा बनूं लागला. ज्या हाबरनें ही भाकर दिली, त्यानेंच २२ एप्रिल १९१५ रोजीं ईप्रच्या रणांगणावर शत्रूवर विषारी क्लोरीन वायु सोडविला. आणि अमोनियाच्या शोधाबद्दल त्यास १९१८ चें नोबेल पारितोषिकही मिळालें. ज्ञान हातांत आलें म्हणजे हात शुद्ध होतोच असें नाहीं.

आतां त्या मुलाचा विचार करूं. आईस बोलणारा तो तरुण पावसाळ्यांत काय करतो, हें मीं विचारलें. कपाशीला शेजाऱ्यानें दोन पोतीं युरिया टाकला तर तो तीन टाकतो. ४५ किलोंच्या पोत्यांत सुमारें २१ किलो नत्र असतें. तितकें नत्र मिळण्यास चांगलें कुजलेलें शेणखत चार हजार किलो लागेल. म्हणून युरियाचें आकर्षण साहजिक आहे. पण त्या पोत्यांतून मातीस कर्बाचा आहार मिळत नाहीं. आणि बेसुमार टाकलेल्या नत्रापैकीं पुष्कळदां निम्मेंही पिकास लागत नाहीं. उरलेलें कांहीं हवेंत जातें, कांहीं झिरपून विहिरींत उतरतें. पिण्याच्या पाण्यांत नायट्रेटचें प्रमाण लिटरमागें ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावें असें आपल्या देशांतील मानक आहे, कारण तें फार झाल्यास तान्ह्या बाळाचें रक्त प्राणवायु नीट वाहूं शकत नाहीं व बाळ निळें पडतें. कांहीं नत्र नायट्रस ऑक्साइड वायु होऊन वर जातें. तो शंभर वर्षांच्या हिशेबानें वजनास वजन कर्बाम्ल वायूहून सुमारें २७० पट अधिक उष्णता धरून ठेवतो. अर्थात् ज्या बांधांतून पाणी सोडूं नये तितकें सोडणें, हीही चूकच.

कर्बाचेंही तसेंच. म्हातारीच्या धुरांतला कर्ब गेल्या पावसाळ्यांत गवतानें हवेंतूनच घेतलेला होता. त्याचें तेथें परत जाणें चक्रास धरून आहे. परंतु दगडी कोळसा व खनिज तेल यांतील कर्ब कोट्यवधि वर्षांपूर्वीं जमिनींत पुरला गेला. तो आपण दोनअडीचशें वर्षांत उकरून जाळीत आहों. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लाख भागांत कर्बाम्ल वायु सुमारें २८० भाग होता; आतां तो ४२० च्या वर गेला आहे. तेंही एक परत देणेंच आहे, पण अवेळीं व बेसुमार. त्यानें पृथ्वी तापते, आणि त्याची झळ कोरडवाहू शेतकऱ्यास आधीं लागते. हें लिहितांना मला लाज वाटते ती अशी कीं, त्या गांवीं मी मोटारींतून गेलों होतों. न्याय करावयास मला बोलाविलें, पण त्या तिघांत चुलीजवळ बसलेलीचा दोष सर्वांत लहान होता. शिवाय गोवरीच्या धुराचा पहिला दंड तीच आपल्या डोळ्यांनीं व छातीनें भरीत होती.

येथें आणखी एक गोष्ट मनांत येते. मेलेलें ढोर ओढणें, घाण उचलणें, उकिरडा साफ करणें, हीं कामें केल्यावांचून कोणत्याही गांवाचें चक्र पुरें होत नाहीं. तरी हीं कामें आपल्या समाजानें जन्मावरून कांहीं घरांवर लादलीं, आणि लादून त्यांनाच हीन ठरविलें. मानवी मैला हातानें उचलविणें १९९३ व २०१३ च्या कायद्यांनीं गुन्हा ठरलें आहे, तरी मनांतला विटाळ कायद्यानें जात नाहीं. निसर्गांत पाहावें तर ज्या जंतूंचें काम कुजविण्याचें व परत देण्याचें, त्यांच्यावांचून कोणीही जगूं शकत नाहीं. घेण्याचें काम सर्वांचें, तर परत देण्याचेंही सर्वांचेंच असलें पाहिजे. तें एका जातीवर टाकणें म्हणजे ऋण एकानें काढून दुसऱ्याकडून फेडून घेणें होय.

आतां कांहीं व्यवहाराचें. जनावराच्या शरीरांतून जें नत्र बाहेर पडतें त्यापैकीं सुमारें निम्में मुतांत असतें, आणि तें बहुतेक घरीं गोठ्याच्या जमिनींत मुरून वाया जातें. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ ते १९३१ या काळांत इंदूर येथें खताची जी पद्धति बसविली, तींत मुतानें भिजलेली गोठ्यांतली माती व काडीकचरा यांस मोठें स्थान होतें. तेव्हां ज्या घरीं गोवऱ्यांवांचून चूल पेटत नाहीं, त्या घरानेंही गाईखालीं पाचोळा व कोरडी माती पसरावी, ती भिजली कीं खड्ड्यांत टाकावी, आणि शेणपाणी घालून कुजूं द्यावी. चुलीस शेण गेलें तरी शेत अगदींच उपाशी राहणार नाहीं. ज्वारीबाजरींत तुरीच्या ओळी घालाव्या, पिकांचा पालापाचोळा व उसाचें पाचट पेटवूं नये. युरिया टाकणें झालें तर माती तपासून, मापानें व हप्त्याहप्त्यानें टाकावा.

आणि गोबर गॅसच्या टाकींत तर हा तंटाच मिटतो. तेथें हवेवांचून शेण कुजतें. त्यांतील कर्बाचा एक भाग जळणारा वायु होऊन चुलीस मिळतो, आणि नत्र बहुतेक सारें मळींत राहून शेतास मिळतें. पण लहानांत लहान टाकीसही दोनतीन जनावरें, बांधकामाचा खर्च व रोजचें पाणी लागतें. एका गाईच्या घरास तें परवडत नाहीं. शेजारचीं दोनतीन घरें एकत्र आलीं तर परवडेल. मग शेण कोणाचें किती, वायु कोणास किती, यावर भांडणें होतील. तीं न होऊं देणें हें शास्त्राचें काम नव्हे, तें आमचें आहे.

त्या घरीं मी पुन्हां जाईन तेव्हां त्या माउलीस सांगेन: आजी, राख आणि शेण एक नव्हे, एवढें तुमचें चुकलें. मुलास सांगेन: बाबा, आईला बोलण्याआधीं गॅसच्या टाकीची सोय कर, गोठ्यांत माती पसर आणि तुझें तिसरें पोतें दुकानांतच राहूं दे. आणि स्वतःस विचारीन कीं, ज्या हवेंतून, ज्या मातींतून व ज्या माणसांच्या कष्टांतून मी रोज घेतों, त्यांस या आठवड्यांत मीं काय परत केलें? वाचकांनींही हा प्रश्न आपापल्या घरीं, आपल्या उकिरड्याशीं उभें राहून, एकदां स्वतःस विचारावा अशी माझी नम्र विनंति आहे.